डाव्या कानातला अर्धा सूर

तीन महिने मी कोह लिओंगच्या पाठीमागे त्यांच्या चुका दुरुस्त करत होते आणि मला वाटत होतं, मी पुण्य कमावतेय. पुण्य कसलं, डोंबल. आज दुसरं कोणी असं करताना दिसलं तर मी त्याच्या हातावर फटका मारीन.

कोह म्हणजे थोरला भाऊ, पण लिओंगना त्यांच्याहून मोठी माणसंही कोहच म्हणतात. वय एकसष्ट. जकार्ताच्या कोता भागात, चौथ्या मजल्यावरच्या आमच्या क्लबात ते सव्वीस वर्षं गाणी वाजवतायत. एरवी ग्लोदोकच्या बाजारात ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. क्लबाला खिडकी नाही, त्यामुळे आत दिवस काय नि रात्र काय, पण आमची पाळी दुपारची, आठवड्यातून तीनदा, एक ते सहा. दुकानात उभं राहून पाय सुजलेल्या बायका, गोदामातले हमाल, सुट्टी मिळालेले आचारी अशी आमची मंडळी. त्यांना सुरांची नावं ठाऊक नसतील, पण दोन गाणी एकमेकांना बोचायला लागली की त्यांचे पाय आपोआप थांबतात.

मी मध्य जावातल्या तेगलची. नाव वेनिंग, कोह मला निंग म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी मोडका हेडफोन घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले होते. त्यांनी तो सांधून दिला आणि विचारलं, "हा घालून करतेस काय?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "डीजे आहे." त्यांनी माझ्यापुढे दोन गाणी टाकली. "मग जोड बघू." मी जोडली. "लय जुळलीय," ते म्हणाले, "पण दोघांचं भांडण चाललंय. ऐकू येत नाही तुला?" मला खरंच ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे शिकायला बसले.

त्यांची शाळा म्हणजे प्लायवुडवर रंगवलेलं एक घड्याळ. बारा आकडे, प्रत्येक आकड्याची एक पट्टी, आणि पट्टी विचारायची तर कोह 'किती वाजता?' असंच विचारतात. चारच्या गाण्यामागे चारचं लावा, तीनचं लावा, नाहीतर पाचचं लावा, शेजारी शेजाऱ्याशी भांडत नाही. आठनऊचं लावलंत तर मारामारी. नवशिक्याला वाटतं, अर्धा सूर म्हणजे काय, जरासं सरकणं, कोणाला कळतंय. घड्याळावर तो अर्धा सूर सात तास लांब जाऊन पडतो. आणि आधी लय, मग पट्टी, हा क्रम मोडायचा नाही, कारण जुन्या यंत्रांवर गाणं पळवलं की त्याचा सूरही वर चढायचा. आमची गाणी मिनिटाला एकशे ऐंशी ठोक्यांची, पळवल्याशिवाय भागतच नाही. "आधी पाय जुळव, मग गळा," असं कोह मला शंभरदा तरी म्हणाले असतील.

नव्या यंत्रांच्या पडद्यावर लय आणि पट्टी दोन्ही आयती लिहून येतात. कोहनी त्या पडद्यावर जाड कागद चिकटवून टाकला होता. "कानाचं काम डोळ्यांना दिलं की कान आळशी होतात." ते डाव्या कानावर हेडफोन दाबून पुढचं गाणं ऐकत, उजवा कान हॉलकडे मोकळा ठेवून चालू गाणं ऐकत, आणि दोन्हींचा सा ओठांत गुणगुणत. सूर जमत नसेल तर यंत्रावर एक बटण आहे, एकदा दाबलं की गाणं अर्धा सूर वर किंवा खाली जातं. ते दाबायचं आणि गाणं सोडायचं. आमच्या धंद्यात सगळे असंच ऐकतात. एक कान आत्ताच्या गाण्याला, दुसरा पुढच्या.

चिनी नववर्षाच्या शेवटची, चाप गो मेहची मिरवणूक होऊन गेली त्यानंतरच्या सोमवारी कोह डाव्या कानात बोट घालून हलवतच क्लबात आले.

"सकाळपासून बंद पडलाय हा. पाणी गेल्यासारखं वाटतंय. आत शिट्टी पण वाजतेय."

"कोमट तेल घाला दोन थेंब," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. डॉक्टरकडे जा असं म्हणाले नाही, तेल घाला म्हणाले.

त्या दुपारी माझ्या वाट्याची गाणी वाजवून झाल्यावर मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. मिक्सरला हेडफोनची दोन भोकं असतात, दुसऱ्यात माझा हेडफोन. कोहनी लय बसवली, अगदी चोख. मग सा गुणगुणले, भुवया चढवल्या आणि बटण दाबून गाणं अर्धा सूर खाली घेतलं. गाणं आधीच बरोबर होतं. ते खाली घेतल्यावर हॉलमध्ये गेलं असतं तर दोन गाणी नखं काढून एकमेकांवर धावली असती. कोहंचा हात आवाज चढवायला निघाला होता. मी त्यांचा बर्फाचा चहा ठेवायच्या निमित्ताने वाकले आणि तेच बटण पुन्हा वर दाबलं. गाणं हॉलमध्ये शिरलं ते लोण्यात सुरी शिरावी तसं. कोहनी मान डोलावली.

मला वाटलं, एखाद्या दिवशी होतं असं. मग ते दर खेपेला व्हायला लागलं. प्रत्येक गाण्याला नाही, पण दुपारभरात आठदहा वेळा. चहा, रुमाल, सांडलेलं पाणी, काही ना काही कारण काढून मी वाकायची. कागदामुळे पडद्यावरचं त्यांना दिसायचं नाही, आणि बाहेर गाणं बरोबर वाजायचं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. मी स्वतःला सांगायची, म्हाताऱ्याची इभ्रत राखतेय. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांच्यापेक्षा आता माझा कान सरस झालाय, हे मला रोज बोटाने दाबून बघायला आवडत होतं. हे लिहायला लाज वाटते. पण आहे ते आहे.

तीन महिन्यांनी भाच्याची सुंता होती म्हणून मी आठवडाभर तेगलला गेले. परत आले तर क्लबाच्या जिन्यातच पाक बारूस भेटले. पाक म्हणजे साहेब; हे आमचे मॅनेजर, सुमात्राकडचा बाताक माणूस, साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं.

"ये, बाई, ये. तुझ्या म्हाताऱ्याने इथे तीन दिवस मांजरं झुंजवली."

"काय झालं, पाक?"

"मला काय विचारतेस, मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण लोक शिट्ट्या मारायला लागले. एक बाई येऊन म्हणते, पाक, गाणी ऐकून मळमळतंय. तीन दिवस, वेनिंग. मंगळवारी तर हॉल अर्धा रिकामा झाला." मग त्यांचा आवाज खाली आला. "रविवारी त्यांच्याऐवजी तूच वाजव. त्यांना तू सांग. माझ्याने नाही व्हायचं ते. माझ्या लग्नात वाजवलंय त्या माणसाने."

मी तशीच ग्लोदोकला गेले. दुकानात कोहनी क्लबातलं यंत्र आणून उघडून टाकलं होतं. शेजारी तीन हेडफोन, त्यातले दोन कोरे. दाढी वाढलेली.

"बरं झालं आलीस. हे यंत्र खोटं बोलतंय, निंग. कानात गाणं बरोबर असतं, बाहेर सोडलं की चुकतं. वायरी बदलल्या, हेडफोन बदलले. नवं यंत्र आणून बघितलं, ते पण तसंच. सगळे एकाच माळेचे मणी."

खरं तर मला तिथेच सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी एक गाणं लावलं, हेडफोनची एक वाटी त्यांच्या डाव्या कानावर धरली आणि म्हणाले, "कोह, याचा सा द्या."

"माझी परीक्षा घेतेस होय गं?" असं म्हणून त्यांनी सा लावला. कपाटावर पोरांचा छोटा पियानो असायचा, त्यावर मी तो शोधला. पांढरी दोन. मग तीच वाटी उजव्या कानावर धरली. "आता द्या."

त्यांनी सा लावला. काळी एक.

मी पियानोवर दोन्ही वाजवून दाखवले. काळी एक, पांढरी दोन. कोह माझ्याकडे बघत राहिले. मग हेडफोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच डाव्या कानाला लावला, उजव्या कानाला लावला, परत डाव्या. दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. दर वेळी अर्धा सूर. बाहेर बाजारात कोणीतरी शटर ओढत होतं. कोहनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे यंत्र चांगलं आहे," ते म्हणाले.

"हो, कोह."

"डावा कान चढा ऐकतोय. म्हणून मी गाणं खाली ओढतोय." उघडलेल्या यंत्राचे स्क्रू त्यांनी एकेक करून वाटीत टाकले. "बिचाऱ्याचं पोट फाडलं मी उगाच. गेल्या आठवड्यातच झालेलं दिसतंय हे. त्याआधी तर नीट होतं सगळं."

मी पुन्हा गप्प बसले. आधी तीन महिन्यांत बोलले नव्हते, आणि आता एवढं समोर आल्यावरही नाही. कुठल्या मातीची बनलेय मी, असं तेव्हाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कोहना काचेच्या खोलीत बसवून बराच वेळ तपासलं, कागदावर दोन रेषा काढल्या. उजव्या कानाची रेषा जरा उतरलेली, डाव्याची खोल घसरलेली. अशा कानाला सूर सरकलेले ऐकू येतात, त्या म्हणाल्या.

"कधीपासून आहे हे, काका?"

"आठ दिवस झाले असतील."

बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आठच दिवस? मग वेळेवर आलात. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू केलं तर पुष्कळदा कान परत येतो. आजपासूनच सुरू करू. गोळ्या जरा कडक आहेत, साखर वाढेल, पण वाढू दे." त्या लिहायला लागल्या. कोह माझ्याकडे वळून हसले. किती दिवसांनी हसले होते ते. म्हणाले, "बघ, उगाच सुतकी तोंड करून बसलीस."

त्या हसण्याकडे बघून मला कळलं की आता गप्प राहिले तर मी माणूस म्हणवून घेऊ नये.

"तीन महिने," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "काय तीन महिने?"

"तीन महिने झालेत. आठ दिवस नाही. चाप गो मेहनंतरचा सोमवार. कान बंद पडलाय म्हणाले होते. शिट्टी वाजतेय म्हणाले होते." मी कोहंकडे बघत नव्हते. "त्या दिवसापासून ते गाणी खाली घेत होते. मी मागून परत वर करत होते. त्यांना माहीत नव्हतं."

बाईंनी लिहिलेला कागद बाजूला सरकवला. फार सौम्यपणे बोलल्या त्या, पण शब्द तेच राहिले. तीन महिन्यांनी त्या औषधाचा उपयोग नाही. जे गेलं ते गेलं, उरलेलं हळूहळू जाईल, उजवा कान जपा. तेव्हा आला असतात तरी खात्री देता आली नसती, असंही त्या म्हणाल्या, माझ्याकडे बघून. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं हे मला कळलं. त्याने काही हलकं झालं नाही.

बाहेर आल्यावर कोह बाकमीच्या गाडीशी जाऊन बसले. दोन वाट्या मागवल्या. सवयीनेच मागवल्या असणार. वाफ येणाऱ्या शेवया पुढे आल्या, दोघांनी हात लावला नाही.

"दर खेपेला करायचीस?"

"हो, कोह."

"चहा ठेवताना?"

"चहा ठेवताना, रुमाल देताना."

त्यांनी चॉपस्टिक्स हातात घेतल्या, परत ठेवल्या. "मला वाटायचं, हल्ली हात फार छान बसलाय. सव्वीस वर्षांत एवढं चोख कधी वाजवलं नव्हतं मी. एक दिवस तुला बोललो पण. आठवतंय?"

आठवत होतं. त्या दिवशी मी म्हणाले होते, "मुरलेलं लोणचं आहे, कोह."

"तुला वाटलं, मला वाईट वाटेल."

"हो."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "मग मी डॉक्टरकडे गेलो असतो."

एवढं बोलून ते उठले आणि चालत दुकानाकडे गेले. हाक मारायची माझी हिंमत झाली नाही. दोन्ही वाट्या तशाच गार होत गेल्या. गाडीवाल्याने विचारलं, खारट झालंय का. मी नाही म्हणाले आणि रडायला लागले.

पुढचे दोन दिवस त्यांनी दुकान उघडलं नाही. मी बंद शटरपुढे उभी राहून परत यायची. शनिवारी पाक बारूसचा फोन आला.

"तुझा म्हातारा आत्ता इथे येऊन गेला. म्हणतो, रविवारी मीच वाजवणार. मी म्हटलं, कोह, लोक पळतील. तर म्हणतो, मी एकटा नाही वाजवणार. हात माझा, कान वेनिंगचा. म्हटलं, हे काय लग्नातलं जोडीनं केक कापणं आहे का. तर माझ्याकडे असं बघितलं ना, गपगार झालो मी. काय भानगड आहे?"

"मी येते, पाक," एवढंच मी म्हणाले.

रविवारी कोह माझ्याआधी येऊन उभे होते. दाढी घोटलेली, डाव्या कानात कापसाचा बोळा. पडद्यावरचा कागद त्यांनी काढला नव्हता. मला वाटलं होतं, काढतील. माझ्या नमस्काराला त्यांनी मान हलवली आणि त्यांचा हेडफोन माझ्या हातात दिला. त्याची वाटी सव्वीस वर्षं त्यांच्या कानाने दाबून चपटी झालेली. मी तो चढवला.

"ऐक," ते म्हणाले. "मला हॉल तेवढा ऐकू येतो. पुढचं गाणं ऐकू येत नाही. लय मी ठोक्यावरून बसवीन, पुढच्या गाण्याचे ठोके तू माझ्या खांद्यावर दे. पट्टी तू सांगायचीस. आणि बटणाला हात लावायचा नाही. मी चुकलो तर तोंडाने सांगायचं."

"हो, कोह."

"मोठ्याने. कोण ऐकतंय ते बघायचं नाही."

हॉल भरला. मंगळवारी उठून गेलेल्या बायकाही आल्या होत्या, हाताची घडी घालून भिंतीशी उभ्या, बघू काय करतोय अशा. कोहनी पहिलं गाणं लावलं. मी दुसऱ्याची पट्टी सांगितली, ते जुळलं. तिसरं, चौथं. बायकांचे हात सुटले. पाक बारूस बारकडून येऊन आमच्या मागे उभे राहिले.

सातव्या गाण्याला मी पट्टी सांगायला लागले, आणि ती पुरी ऐकायच्या आधीच कोहंचं बोट बटणावर गेलं. सव्वीस वर्षांची सवय, किंवा आजही त्यांना स्वतःवर एकदा भरवसा ठेवून बघायचा असेल. गाणं खाली गेलं. त्यांचा दुसरा हात आवाजाच्या दांडीवर. बर्फाचा चहा माझ्या पुढ्यातच होता. माझी बोटं शिवशिवली, खोटं कशाला बोलू. अर्ध्या सेकंदाचं काम होतं, आणि मागे पाक बारूस बघत होते.

"कोह, चुकतंय," मी म्हणाले. ऐकू जावं म्हणून जवळजवळ ओरडले. "अर्धा सूर खाली घेतलंत. वर घ्या."

मागे पाक बारूस चुळबुळले. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी माना वर केल्या. कोहंचा हात थांबला. त्यांनी बटण वर दाबलं, ठोक्यांचं एक चक्र जाऊ दिलं, मग गाणं सोडलं. ते बसलं. लोक नाचत राहिले, माना खाली गेल्या.

कोह माझ्याकडे वाकले. "बघ. मेलं का कोणी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. चुकतंय म्हणणं एवढंसं होतं, एका श्वासात बोलून झालेलं, आणि मी ते तीन महिने धरून ठेवलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. पण मी त्यांच्या डाव्या बाजूला होते, कापसाच्या बाजूला. ते यंत्राकडे वळले होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. तसंच सोडून देता आलं असतं. मी हेडफोनची वायर सोडवली, त्यांच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला गेले, पाक बारूसना कोपराने बाजूला केलं आणि कोहंच्या चांगल्या कानाशी पुन्हा म्हणाले, "कोह, माझं चुकलं. तुमचा कान माझ्यामुळे गेला."

त्यांनी ऐकलं. हात दांडीवरच होता, डोळे हॉलकडे.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "गाणं संपत आलंय. पुढचं किती वाजता?"

मी हेडफोन दाबून ऐकलं आणि सांगितलं. माफ केलं असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्याला आता दोन वर्षं झाली, अजून म्हणालेले नाहीत. दर रविवारी मी त्यांच्या उजव्या हाताला उभी असते, आणि चुकलं की मोठ्याने सांगते.